कुसळापासून सुरुवात: निसर्गातलं तंत्र हाताने शिकण्यासाठी

निसर्गाकडून तंत्रज्ञान शिकण्याचा विषय निघाला की ठरावीक उदाहरणं पुन्हापुन्हा सांगितली जातात. कपड्यांना चिकटलेली काटेरी फळं पाहून जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याने वेल्क्रो तयार केलं. जपानच्या ५०० मालिकेतल्या बुलेट ट्रेनला एइजी नाकात्सू यांनी खंड्याच्या चोचीसारखं नाक दिलं. कमळाच्या पानावर घाण का टिकत नाही हे विल्हेल्म बार्थलॉट यांनी उलगडून दाखवलं आणि त्यावरून पावसाने धुतला जाणारा भिंतीचा रंग निघाला. उदाहरणं खरी आहेत, पण ती वाचून कोणाच्या हाताला काही येत नाही. बुलेट ट्रेनचं नाक घरी तपासता येत नाही आणि कमळाच्या पानावरचे मेणाचे कण बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

शिकायचंच असेल तर अशी वस्तू घ्यावी जी फुकट मिळते, डोळ्यांदेखत हलते आणि जिचं काम आपण स्वतः मोडूनतोडून तपासू शकतो. माझ्या मते महाराष्ट्रात राहणाऱ्यासाठी कुसळाइतकी चांगली वस्तू दुसरी नाही. किल्ला चढून आल्यावर मोज्यांतून, पायजम्याच्या काठातून जे उपटत बसावं लागतं तेच कुसळ. दख्खनच्या माळांवर आणि सह्याद्रीच्या उतारांवर सगळीकडे उगवणाऱ्या कुसळी गवताचं ते बी. वनस्पतिशास्त्रात या गवताला हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस म्हणतात. हे बी हवेतल्या ओलाव्यावर स्वतःला पीळ देतं, पीळ सोडतं आणि तसं करत करत जमिनीत घुसतं. त्यात जिवंत स्नायू नाही, मोटर नाही. जो भाग हलतो तो तर पूर्ण मेलेला असतो.

पुढच्या पायऱ्या क्रमाने केल्यात तर बॅटरीशिवाय चालणारा एक आर्द्रतामापक, म्हणजे हवेतला ओलावा दाखवणारं उपकरण, तयार होईल आणि त्याच तत्त्वावर हलणारी कागदाची पट्टीही. दहावीपुढच्या कोणालाही जमेल. लहान मुलं असतील तर सोबत मोठं माणूस हवं, कारण कुसळाचं टोक खरोखर सुईसारखं असतं.

पायरी १: कुसळं आणा

पावसाळा संपत आला की हे गवत फुलोऱ्यावर येतं. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात कुसळं पिकतात. पिकल्याची खूण सोपी आहे: कुसळांच्या लांब शेपट्या काळपट तपकिरी होतात आणि एकमेकींत गुंतून त्यांचे जुडगे बनतात. असा जुडगा हलकेच ओढला की न तुटता हातात येतो. हिरवट कुसळं घेऊ नका, ती नीट पिळत नाहीत.

मेंढपाळांना हे गवत चांगलं ठाऊक असतं. कोवळं असताना गुरंमेंढरं ते आवडीने खातात, पण कुसळं धरली की तीच लोकरीत आणि पुढे कातडीत घुसतात. म्हणून गोळा करताना पूर्ण पायाचे कपडे घाला, डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि कुत्रा बरोबर नेऊ नका. त्याच्या पंजाच्या बेचक्यात किंवा कानात कुसळ गेलं तर डॉक्टर गाठावा लागतो. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात काहीही तोडायचं नाही. रस्त्याकडेला, पडीक माळावर हवं तेवढं मिळतं.

पंचवीस-तीस कुसळं पुरेत. ती कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो आणि कुसळं घरी पोचेपर्यंत पीळ सोडून एकमेकांत गुरफटतात.

परदेशात असाल तरी अडत नाही. ब्रिटनमध्ये रानओट, म्हणजे ओट या धान्याचा रानटी भाऊबंद, शेतांच्या बांधावर सापडतो. कॅलिफोर्नियात एरोडियम नावाचं छोटं रोपटं तण म्हणून उगवतं, त्याचं बी स्प्रिंगसारखं गुंडाळतं. गव्हाच्या ओंबीचं कुसळ मात्र या प्रयोगाला उपयोगी नाही, कारण ओलावा बदलला तर ते वाकतं, पिळत नाही.

पायरी २: आधी नुसतं बघा

एक कुसळ पांढऱ्या कागदावर ठेवा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. मनू प्रकाश या शास्त्रज्ञाने तयार केलेला फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक मिळाला तर फारच उत्तम, तो साधारण १४० पट मोठं दाखवतो.

बुडाशी टोकदार बी आहे. टोकाच्या वर दाट तांबूस केस आहेत आणि ते सगळे टोकापासून मागे झुकलेले आहेत. बोटाने एकदा टोकाकडून शेपटीकडे आणि एकदा उलट फिरवून बघा. एका दिशेने केस सहज आडवे होतात, दुसऱ्या दिशेने अडतात. बियाच्या वरचा भाग दोरासारखा पिळलेला आहे. त्यानंतर एक वाक येतो, त्याला आपण गुडघा म्हणू. गुडघ्यापुढे लांब, बारीक, जवळपास सरळ शेपटी.

हे चित्र हाताने काढा. फोटो जरूर घ्या, पण चित्रही काढा. चित्र काढताना पीळ कुठे संपतो, केस कुठे सुरू होतात हे ठरवावं लागतं आणि फोटोत सुटलेल्या गोष्टी तिथे सापडतात. प्रत्येक भागासमोर एक प्रश्न लिहा: हा भाग काढून टाकला तर काय बिघडेल? उत्तर आत्ता नको.

पायरी ३: हलवून बघा आणि शंका घ्या

बियाचा भाग चिमट्यात धरा आणि पिळलेल्या भागावर पाण्याचा एक थेंब सोडा. काही क्षणांतच शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी फिरायला लागते. किती फेऱ्या झाल्या ते मोजा, दिशा लिहून ठेवा. मग ते उन्हात ठेवा. वाळताना शेपटी उलट्या दिशेने फिरत परत येईल. पहिल्यांदा हे पाहताना फार आनंद होतो. तो घ्या, पण लगेच पुढचे प्रयोग करा, कारण खरं शिक्षण तिथे सुरू होतं.

दुसरं कोरडं कुसळ घ्या आणि पाण्याऐवजी गोडेतेलाचा थेंब टाका. ते फिरत नाही. म्हणजे नुसतं भिजणं पुरेसं नाही, पाणीच लागतं. तिसरं कुसळ चहाच्या वाफेवर धरा. पाण्याचा थेंब न लागताही ते फिरतं, म्हणजे हवेतली वाफसुद्धा पुरते. मागच्या वर्षीचं कुसळ कोणाकडे असेल तर तेही करून बघा. तेही फिरतं, म्हणजे जिवंतपणाची गरज नाही.

आता माती. पसरट भांड्यात भेगा पडलेली कोरडी माती घ्या आणि त्यावर चार-पाच कुसळं टाका. सकाळी पाणी शिंपडा, दुपारी ऊन द्या, असं काही दिवस करा. ज्या कुसळाच्या शेपटीला गवताची काडी किंवा खडा आडवा येतो त्याची शेपटी फिरू शकत नाही, मग बी फिरतं आणि टोक मातीत जातं. मागे झुकलेले केस त्याला वर येऊ देत नाहीत. पीळ सुटतानाही बी आत जातं आणि पीळ भरतानाही. गुळगुळीत सपाट मातीवर टाकलेली कुसळं मात्र नुसती लोळत राहतात. ही गोष्ट वहीत ठळक लिहा, पुढे लागणार आहे. शेवटी एका कुसळाची गुडघ्यापुढची शेपटी कापून तेच करा. शेपटी नसेल तर टेकू मिळत नाही आणि पीळ वाया जातो.

पायरी ४: का हलतं ते शोधा

या प्रश्नाचा पाठलाग जुना आहे. १६६५ साली रॉबर्ट हुक या इंग्लिश शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखालच्या निरीक्षणांचा आपला मोठा ग्रंथ छापला, त्यात रानओटाच्या कुसळावर एक प्रकरण आहे. त्या कुसळावर हलका काटा बसवून हवेचा कोरडेपणा दाखवणारं उपकरण कसं करायचं हेही त्याने त्यात सांगितलं. १८७६ मध्ये चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस डार्विन याने अशा बियांचा अभ्यास केला आणि पीळ पडण्याचं मूळ एकेका पेशीच्या पिळण्यात आहे असं दाखवलं.

आज आपल्याला त्याचं कारण आणखी खोलवर माहीत आहे. वनस्पतीच्या पेशीभित्तीत सेल्युलोजचे कणखर धागे असतात आणि त्यांच्यामध्ये मऊ भराव असतो. पाणी भरावात शिरतं आणि तो फुगतो. धागे लांबीला ताणले जात नाहीत, त्यामुळे सगळं फुगणं धाग्यांच्या आडव्या दिशेने होतं. धागे पेशीभोवती तिरके गुंडाळलेले असतील तर हे फुगणं सरळ जाऊ शकत नाही आणि पेशी स्वतःच्या अक्षाभोवती वळते. अशा हजारो पेशी शेजारी शेजारी, सगळ्यांचा तिरकेपणा एकाच बाजूचा. मग पूर्ण कुसळ फिरतं. ताकद हवेतल्या ओलाव्याच्या चढउतारातून येते. रात्री दव, दुपारी ऊन, एवढं इंधन पुरतं.

इथे नवशिक्यांना एक कळकळीची विनंती. कारण समजलं असं वाटलं तरी ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. झिंबाब्वेतल्या हरारे शहरात वास्तुशिल्पी मिक पीअर्स यांनी १९९६ मध्ये ईस्टगेट सेंटर ही इमारत उभी केली. वाळवीच्या वारुळात गरम हवा वर जाते आणि खालून गार हवा येते, अशी त्या वेळची समजूत होती आणि इमारत तिच्यावर आधारली. पुढे स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर या संशोधकांनी वारुळं मोजून पाहिली, तेव्हा वारूळ तसं चालत नाही असं दिसलं. इमारत आपल्या जागी छान चालते, पण तिच्यामागची वारुळाची गोष्ट चुकीच्या समजुतीवर उभी होती. तेलाचा थेंब टाकण्यासारखे साधे उलटतपासणीचे प्रयोग म्हणूनच मला इतके महत्त्वाचे वाटतात.

पायरी ५: गवताचं नाव न घेता एक वाक्य लिहा

या सगळ्या कामातली सर्वांत अवघड पायरी ही आहे आणि बहुतेक जण ती गाळतात. वहीत एक वाक्य लिहायचं, ज्यात कुसळ, गवत, बी, पेशी यांपैकी एकही शब्द नसेल. माझं वाक्य असं:

एखादा पदार्थ धाग्यांच्या आडव्या दिशेने फुगत असेल आणि लांबीच्या दिशेने फुगत नसेल, तर धागे कोणत्या कोनात मांडले आहेत त्यावर तो ओलाव्यात रुंद होईल, वाकेल की पिळेल हे ठरतं.

हे वाक्य हातात आलं की गवताची गरज संपते. हाच गुण लाकडात आहे, कागदात आहे, कापसाच्या सुतात आहे. ओलं लाकूड पूर्ण वाळताना धाग्याच्या लांबीत साधारण ०.१ ते ०.३ टक्के आकसतं. वर्षावलयांच्या दिशेने मात्र तेच लाकूड ५ ते १० टक्के आकसतं. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं ते यामुळेच. सुतार याला दोष मानतो आणि रंधा मारतो. आपण याच दोषाकडून काम करून घेणार आहोत.

वाक्य लिहिताना सजीवाच्या आकाराचं वर्णन उतरत असेल तर थांबा आणि मागे जा. ‘कुसळासारखी लांब शेपटी’ हे तत्त्व नाही. अळूच्या पानावरचा थेंब, शंखेश्वराचं आकडेदार फळ, सुगरणीचं घरटं, काहीही घेतलं तरी हीच कसोटी लावा.

पायरी ६: आर्द्रतामापक करा

साहित्य: जाड पुठ्ठा, दाभण, मेणबत्ती, झाकणाचा पारदर्शक डबा, मीठ आणि चांगली पिकलेली कुसळं. पाणी मिसळलेला पांढरा गोंद नको, त्याने कुसळ भिजतं. मेण उत्तम.

पुठ्ठ्याच्या मध्यभागी दाभणाने भोक पाडा. कुसळाचं बी त्यात खाली टोक करून उभं रोवा आणि मेणाच्या थेंबाने पक्कं करा. पिळाचा भाग सरळ वर उभा राहील आणि गुडघ्यापुढची शेपटी आडवी होऊन पुठ्ठ्यावर काट्यासारखी फिरेल. वेगळा काटा लावायची गरज नाही. शेपटी फार लांब वाटली तर टोकाकडून थोडी कापा.

आता एक अडचण येईल. कोरड्यापासून ओल्यापर्यंत जाताना शेपटी अनेक फेऱ्या मारते. मग काटा एकाच जागी दिसला तरी तो कितव्या फेरीतला हे कळत नाही. उपाय असा की पिळाच्या भागाचा खालचा हिस्सा मेणाने झाकून जखडायचा. मोकळा भाग जितका छोटा, तितकं फिरणं कमी. निम्मा भाग झाकून सुरुवात करा, वाफ दाखवा, एका फेरीपेक्षा जास्त फिरलं तर आणखी मेण चढवा. प्रत्येक कुसळाचा पीळ वेगळा असल्याने हे ज्याचं त्यालाच जुळवावं लागतं. संवेदनशीलता कमी करून वाचन सोपं करणं हा अभियांत्रिकीतला नेहमीचा व्यवहार आहे आणि तो इथे एका मेणबत्तीत शिकता येतो.

मग खुणा. बाजारातल्या मापकाकडे न बघताही खात्रीचा एक आकडा घरात मिळतो. मिठात अगदी थोडं पाणी घालून ओल्या वाळूसारखा लगदा करा. बंद डब्यात तो ठेवला की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते आणि आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानात ती फारशी बदलत नाही. मीठ पाकिटातलं शुद्ध घ्या. खडेमीठ चालणार नाही, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असतात. पावसाळ्यात खडेमीठ पाझरतं ते त्यांच्यामुळेच, आणि इथे त्यांनी आकडा खाली येतो. लगदा वाटीत, वाटी डब्यात, शेजारी मापक. मापकाला लगदा लागू देऊ नका. झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाकण न उघडता काट्याची जागा टिपा.

हे दोनदा करायचं. एकदा मापक आधी उन्हात वाळवून, एकदा आधी वाफेवर ओला करून. दोन खुणा एकाच जागी येणार नाहीत. वाळत आलेल्या आणि ओलं होत आलेल्या सेल्युलोजमध्ये त्याच आर्द्रतेला पाण्याचं प्रमाण थोडं वेगळं राहतं, त्याचा हा परिणाम. दोन्हींच्या मधोमध ७५ लिहा आणि त्यांच्यातलं अंतर म्हणजे तुमच्या उपकरणाची अनिश्चितता, तीही शेजारी लिहा. मापकावर अनिश्चितता लिहिण्याची सवय लागली तर या लेखाचं निम्मं काम झालं असं मी समजेन.

दुसरी खूण डब्यात मिठाऐवजी ओलं फडकं ठेवून करा, ती १०० च्या जवळची. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मॅग्नेशियम क्लोराइड मिळालं तर त्याच्या लगद्यावर ३३ टक्क्यांची खूण मिळते. नाही मिळालं तर ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या कोरड्या पुड्या ठेवून ‘कोरडं’ एवढंच लिहा, आकडा लिहू नका. एप्रिल-मेच्या दुपारी पुण्याकडे काटा या कोरड्या टोकाकडे जाईल आणि जुलैत मुंबईत ७५ च्या पलीकडेच बसून राहील.

पायरी ७: तेच तत्त्व कागदात उतरवा

ट्रेसिंग पेपर आणि पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी घ्या. यंत्रावर तयार होताना कागदातले बरेचसे धागे एका दिशेने लागतात. ती दिशा शोधायला पाच सेंटिमीटरचा चौकोन पाण्यावर अलगद ठेवा. तो लगेच नळीसारखा वळेल. नळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला धागे. मूळ कागदावर पेन्सिलीने ती दिशा दाखवणाऱ्या रेघा मारून ठेवा.

आता दहा सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद अशा चार पट्ट्या कापा. पहिलीत धागे पट्टीला आडवे, दुसरीत लांबीबरोबर, तिसरीत ४५ अंश एका बाजूला तिरके, चौथीत ४५ अंश दुसऱ्या बाजूला. प्रत्येकीच्या एका अंगाला चिकटपट्टी लावा, कडा जुळवून जादा भाग कापा. कागद फुगणार, प्लास्टिक फुगणार नाही, म्हणजे दोन्हींची ओढाताण होणार. पट्ट्यांचं एक टोक दोऱ्याने बांधून त्या ओल्या फडक्याच्या डब्यात लटकवा. फडक्याला टेकू देऊ नका, थेट पाणी लागलं तर चिकटपट्टी सुटते.

पहिली पट्टी कमानीसारखी वाकेल, चिकटपट्टी आतल्या बाजूला. दुसरी लांबीत जवळजवळ जैसे थे राहील, फक्त कडा वळतील. तिसरी पिळेल आणि चौथी तिच्या उलट पिळेल. कागद तोच, चिकटपट्टी तीच, फक्त कापण्याचा कोन बदलला. कुसळात असे दोन थर नसतात, तिथे तिरकेपणा पेशीभित्तीतच असतो. तरी पायरी ५ मधलं वाक्य दोन्हीकडे लागू पडतं, आणि ते लागू पडलं म्हणूनच आपण तत्त्व पकडलं असं म्हणता येतं.

कागद जमला की फर्निचरवाल्याकडून सागवानी व्हिनिअरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे, उरलेले तुकडे आणा आणि तेच करा. हालचाल सावकाश होईल, पण जोर वाढलेला जाणवेल.

पायरी ८: मोठं करायच्या आधी हिशेब करा

इथे उत्साहाला आकड्यांची जोड द्यावी लागते. दोन वेगळ्या प्रमाणात फुगणाऱ्या थरांची पट्टी किती वाकते याचं गणित स्टीफन टिमोशेन्को यांनी १९२५ मध्ये मांडलं. ते दोन धातूंच्या पट्टीसाठी होतं, इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये असते तशा. उष्णतेच्या जागी ओलावा ठेवला की तेच सूत्र आपल्याला चालतं. थरांचं आपसातलं प्रमाण तेच ठेवून पट्टी दुप्पट जाड केली तर वाक निम्मा होतो. ओलावा आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दुप्पट जाडीला चौपट वेळ. पातळ पट्टी चपळ पण कमजोर, जाड पट्टी दणकट पण मंद. या पेचातून सुटका नाही, आपल्या कामाला काय हवं ते निवडावं लागतं.

जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठात वास्तुशिल्पी आखिम मेंगेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेचाची दोन्ही टोकं वापरली आहेत. २०१३ च्या हायग्रोस्किन या मंडपात पातळ प्लायच्या पाकळ्या आहेत. हवा कोरडी असली की उघडतात, दमट झाली की मिटतात, आणि त्यासाठी एकही वायर लागत नाही. २०१९ मध्ये श्टुटगार्टजवळच्या उर्बाख गावात १४ मीटर उंच लाकडी मनोरा उभा राहिला. त्याच्या जाड फळ्या आधी सपाटच तयार केल्या, वाळवताना त्या आपोआप हव्या तशा वक्र झाल्या आणि मग तो वक्र कायमचा पक्का केला. जाड लाकूड रोज हलणार नाही हे ओळखून त्यांनी त्याला एकदाच हलवलं. हा निर्णय मला फार आवडतो.

कुसळाच्या सर्वांत जवळचं काम अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात लायनिंग याओ यांच्या गटाने केलं आणि ते २०२३ मध्ये नेचर या नियतकालिकात आलं. विमानातून किंवा ड्रोनमधून टाकलेलं बी जमिनीवर उघडं पडतं, पक्षी खातात, वाहून जातं. त्यासाठी त्यांनी ओकच्या लाकडाची पातळ पट्टी पिळवून बी वाहणारा स्क्रू केला, जो पाऊस पडला की स्वतः जमिनीत घुसतो. नमुना एरोडियमचा होता. पण एरोडियमला एकच शेपटी असते आणि सपाट जमिनीवर ती आडवी पडून राहते, तुमच्या भांड्यातल्या कुसळासारखीच. म्हणून त्यांनी तीन शेपट्या दिल्या, त्यामुळे बी तिरकं उभं राहतं. सपाट जमिनीवर ओलं-कोरडं असं दोनदा झाल्यावर त्यांना सुमारे ८० टक्के यश मिळालं. तीन शेपट्या त्यांनी एरोडियमकडून उचलल्या नव्हत्या. गवताला लाखो बिया टाकून त्यातल्या थोड्या रुजल्या तरी चालतं, माणसाला ते परवडत नाही. गरज बदलली की नक्कल सोडून द्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्याआधी डोंगरांवर बीजगोळे टाकायला जाणाऱ्या मंडळींनी हे काम जरूर समजून घ्यावं.

पायरी ९: एक छोटं काम निवडा आणि पट्टीचा जोर मोजा

कांदाचाळीच्या झडपा आपोआप मिटाव्यात ही कल्पना पुष्कळांना लगेच सुचते. दमट हवेने कांदा सडतो, तेव्हा गरज खरी आहे. पण चाळीची झडप हलवण्याएवढा जोर तुमच्या पट्टीत नाही. सुरुवात बियाण्याच्या डब्यापासून करा: झाकणात दोन सेंटिमीटरची खिडकी, त्यावर पट्टीने धरलेली ट्रेसिंग पेपरची हलकी झडप, बाहेरची हवा दमट झाली की खिडकी मिटली पाहिजे.

आधी जोर मोजा. पायरी ७ मधली पहिली पट्टी घ्या. तिचं एक टोक आडवं घट्ट बसवा, चिकटपट्टीचं अंग वर राहील असं, म्हणजे मोकळं टोक ओलाव्यात वर उचललं जाईल. त्या टोकाला दोऱ्याने एक यू-क्लिप अडकवा आणि ओल्या डब्यात ठेवा. टोक किती मिलिमीटर उचललं ते मागे लावलेल्या आलेख कागदावर बघा. मग दुसरी क्लिप, तिसरी, टोक उचललं जाईनासं होईपर्यंत. जितकं वजन तिने निर्धास्त उचललं, त्याच्या निम्म्यापेक्षा झडप जड नको.

मग टिकाऊपणा. ओलं-कोरडं असं वीसेक वेळा करा आणि दर खेपेला टोक कुठवर येतं ते लिहा. चिकटपट्टी कडेने सुटते, कागदावर बुरशी धरते, पट्टी मूळ जागी परत येईनाशी होते. यातलं आधी काय होतं ते वहीत नोंदवा, त्यावरून पुढचा पदार्थ निवडायचा आहे.

शेवटी पट्टी आणि कुसळाचा मापक एकाच खिडकीत शेजारी ठेवा आणि एक अख्खा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, दर अर्ध्या तासाने दोन्हींची नोंद करा. मापकाने दाखवलेला बदल पट्टीत किती उशिरा उतरतो ते या तक्त्यात दिसेल. उशीर एका तासाच्या आत असेल तर त्याच जाडीचं व्हिनिअर लावून बघा. त्याहून जास्त असेल तर आधी पातळ कागद शोधा.